टिपकागदाचं अडलेलं प्रकरण

टिपकागदाला नीट बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. खुर्ची दिली तर तो काठावर टेकायचा, दोन मिनिटांत उठून खिडकीशी जायचा, तिथून कपाटाशी. कपाटावरची एखादी वस्तू उलटीपालटी करून पुन्हा ठेवायचा, आणि हे सगळं चालू असताना समोरच्याचं बोलणं शब्द न् शब्द ऐकत असायचा. सहा महिन्यांनी तेच बोलणं त्याच्या एखाद्या गोष्टीत भेटायचं. म्हणून टिपकागद.

त्याच्याबद्दल लिहा असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझी चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासण्यात गेली. लिहिण्याशी संबंध आला तो गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर लिहिण्यापुरता. पण या प्रकरणात मी स्वतः आडवा आलो होतो. तेव्हा चुकतमाकत का होईना, मीच सांगावं हे बरं.

टिपकागद पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहायचा. 'पंप सुरू करण्यापूर्वी', 'पंप पाणी ओढत नसल्यास', 'हे करू नका'. तो म्हणायचा, "माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं साहित्य हेच. आणि तेही पंप बिघडल्यावर." घरी तो आणि त्याची थोरली बहीण, अक्का. दोघांनीही लग्न केलेलं नाही. दर रविवारी भाऊ बुद्धिबळ खेळायला जातो अशी अक्काची समजूत होती. तो यायचा आमच्याकडे.

आमच्याकडे म्हणजे लाँड्रीत. आम्ही दहा-बारा गे पुरुष, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, रविवारी दुपारी तीन वाजता लाँड्रीचं शटर अर्धं खाली ओढून आत जमतो. डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांत लोकांचे कोट लटकत असतात, आणि मध्ये इस्त्रीचं भलंमोठं टेबल, त्यावर चहा. लाँड्रीवाला साठीचा आहे. दंड पैलवानासारखे, मिशा भरघोस, आणि सगळे त्याला मावशी म्हणतात. तो माणसं कपड्यांवरून ओळखतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाला, "या, या. कॉलर आतून उसवलेली आहे. बायको गेली वाटतं?" खरंच, तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

तिथे टिपकागद वाचून दाखवायचा. त्याचं काहीतरी सतत चालू असे. अगदी सुरुवातीला त्याने एक मोठा कागद काढला होता, दर महिन्याला हाताने लिहून लाँड्रीच्या आतल्या भिंतीवर चिकटवायचा. आमच्याच गमती, भांडणं, कोण कोणाला भेटलं, कोणाचं फिसकटलं. एकदा कोणीतरी त्याची झेरॉक्स काढली, ती हिंडत हिंडत आमच्यातल्या एका संगीतशिक्षकाच्या मेहुण्याच्या हातात पडली. नाव नव्हतं, पण वर्णन इतकं हुबेहूब होतं की मेहुण्याने ओळखलं. आठ दिवसांत त्या शिक्षकाला घर, शाळा आणि शहर सोडावं लागलं. तो पुन्हा आम्हाला कधी दिसला नाही. टिपकागदाने भिंतीवरचा कागद स्वतः खरवडून काढला. दोन महिने तो आलाच नाही.

तो परत आला तेव्हा मावशीने नियम केला. लाँड्रीत नंबराची चिठ्ठी असते, मधोमध फाडायची. अर्धी कपड्याला टाचायची, अर्धी गिऱ्हाइकाला द्यायची. ती अर्धी आणल्याशिवाय कपडा मिळत नाही. मावशी म्हणाला, "आजपासून कागदालाही तेच. ज्याला वाटेल की हा मी आहे, त्याने उठायचं आणि त्या पानांना चिठ्ठी टाचायची. अर्धी आपल्या खिशात. ती परत येईपर्यंत पानं माझ्या हँगरवर. बाहेर जायची नाहीत."

"आणि मी सांगितलं की हा तू नाहीस, तर?" टिपकागदाने विचारलं.

"तू काही सांगायचं नाही. हो नाही, की नाही नाही. आणि चिठ्ठी परत मागायची पण नाही. खूप बोललास तू भिंतीवर."

टिपकागदाने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून त्याच्या साहित्याचे हाल सुरू झाले. सात पात्रांचं नाटक लिहिलं. पहिल्याच वाचनाला पाच चिठ्ठ्या. उरली एक घरमालकीण आणि एक पोलीस. त्याने तेवढ्यांचंच वीस मिनिटांचं नाटक केलं. मावशी घरमालकीण झाला होता आणि अजून त्या तोऱ्यात आहे. मग टिपकागदाने फोनवर ऐकायची मालिका काढली, तर लोक आवाज ओळखायला लागले. मग प्रेमात सल्ला देणारं सदर. त्याला आलेली सगळी पत्रं एकाच माणसाची आहेत असं निघालं, आणि तो माणूस चिठ्ठी घेऊन उठला. प्रत्येक वेळी टिपकागद चार दिवस लाँड्रीत येरझाऱ्या घालायचा आणि पाचव्या दिवशी नवीन काहीतरी सुरू करायचा. मागच्या दांडीवर एक हँगर पानांनी भरत चालला होता.

मग त्याला प्रकाशक भेटल्या. लहानशी संस्था, एक बाई एकट्या चालवतात. त्यांनी त्याच्या आठ गोष्टी वाचल्या, ज्यांना कोणाची चिठ्ठी नव्हती, आणि कळवलं की अजून एक हवी, जिच्यावर पुस्तक उभं राहील. पुढच्या महिनाअखेरपर्यंत मिळाली तर वर्षाच्या यादीत घेईन, नाहीतर पुढचं सांगता येत नाही. टिपकागद तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. पत्र घेऊन तो लाँड्रीत आला तेव्हा ते इतक्या वेळा घडी घालून उघडलं होतं की मधे भोक पडलं होतं.

"एक आहे," तो म्हणाला. "बरीच वर्षं लिहितोय. आज वाचतो."

गोष्ट एका वाचनालयाची होती. तिथला कारकून आणि रोज दुपारी सव्वाला येणारा एक वाचक. वाचक रोज तेच जाडजूड पुस्तक परत करतो आणि तेच पुन्हा घेतो. नोंद करायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत दोघं काउंटरच्या अलीकडे-पलीकडे बोलतात. हवेचं, तब्येतीचं, कधी काहीच नाही. असं सात वर्षं. मग कारकुनाची बदली होते आणि तो पत्ता न ठेवता निघून जातो. वाचकाच्या घरी ते जाड पुस्तक राहतं.

टिपकागद ही गोष्ट उभ्याने वाचत होता. वाचून संपली तेव्हा मावशी नाक पुसत होता. आणि मी उठलो.

मला उठायचं नव्हतं. पण माझ्या दुकानात एक नकाशे काढणारा गृहस्थ दर गुरुवारी चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला यायचा. स्क्रू कधीच ढिला नव्हता. मी तो आधी सैल करायचो, मग आवळायचो. हे मी आयुष्यात एकदाच, टिपकागदाला, चहा पिता पिता सांगितलं होतं. आता ते छापून येणार, माझी मुलगी वाचणार. ती शाळेत शिकवते, हाती येईल ते वाचते, आणि मी तिच्याकडे राहतो. दुकानातल्या त्या गृहस्थाला तिने लहानपणी पाहिलेलं आहे. त्याने तिला रंगीत पेन्सिली दिल्या होत्या.

मी डब्यातून चिठ्ठी काढली आणि टाचणी शोधत होतो, तेवढ्यात पलीकडून दुसरा हात आला.

तो स्टेनोचा होता. कोर्टात पस्तीस वर्षं लघुलेखन केलेला, काटेकोर माणूस. भावाच्या घरी मागच्या खोलीत राहतो.

"चष्मेवाले, तुमचा काय संबंध?" तो म्हणाला. "हे माझं आहे."

"तुमचं कसं? तुम्ही कुठे वाचनालयात होता?"

"तुम्ही तरी कुठे होता? माझ्याकडे एक वकील पत्र सांगायला यायचा. रोज. ती पत्रं कधीच टाकली नाहीत पोस्टात. चार मिनिटं. अगदी चार!"

"माझीही चारच होती," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत वाद घालत होतो, आणि तोही कशावरून!

मावशीने टेबलावर थाप मारली. "अहो, एकाच गोष्टीत दोन म्हातारे घुसताहेत! टिपक्या, आहे कोण हा?"

टिपकागद खिडकीकडे तोंड करून उभा होता. "नियम आहे," तो म्हणाला. "मी काही बोलत नाही."

"मग दोघांचीही टाचा," मावशी म्हणाला. "दोन्ही परत आल्या तरच सुटेल."

अशी ती गोष्ट दोन चिठ्ठ्यांनिशी हँगरवर गेली. मुदत संपायला पाच आठवडे होते.

ते पाच आठवडे टिपकागदाला कुठेच चैन नव्हतं. नवीन गोष्ट लिहायला घेई, दोन पानांवर सोडून देई. कारखान्यात त्याने 'पंप पाणी ओढत नसल्यास' या मथळ्याखाली 'वाट पाहावी' असं लिहिलं, आणि ते छपाईला जाता जाता कोणीतरी पकडलं. आमच्यातल्या प्रत्येकाकडे तो काहीतरी निमित्ताने जाऊन आला. माझ्याकडेही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, इमारतीत लिफ्ट आहे, पण तो कायम जिन्याने येतो. दारात धापा टाकत उभा राहिला, मुलीने पाणी दिलं.

"अप्पा, जरा स्क्रू बघता का? ढिला वाटतोय."

मी चष्मा घेतला. स्क्रू घट्ट होता. माझ्या बोटांना कसं झालं ते मला सांगता येत नाही. त्याने मुद्दाम केलं असेल असंही मला वाटत नाही. त्याच्या डोक्यात एवढ्या लोकांच्या गोष्टी असतात की कोणती कुठून आली हे त्यालाच आठवत नसावं. मी स्क्रू सैल केला, आवळला, चष्मा पुसून दिला. तो खोलीतून तीन फेऱ्या मारून, मुलीच्या वह्यांचा गठ्ठा सरळ करून निघून गेला. चिठ्ठीचं त्याने एका शब्दाने काढलं नाही. मागायची नाही असा नियमच होता.

"बाबा, या काकांना काही हवं होतं का?" मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. अर्धी चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती.

त्यानंतर मला झोप नीट लागेना. मुलीला सगळं सांगावं का, असं एकदा वाटे. मग वाटे, बासष्ट वर्षं सांगितलं नाही, आता एका छापील पुस्तकासाठी कशाला? मग टिपकागदाचा चेहरा आठवे. शेवटी मीच स्टेनोला बागेत बोलावलं. वाटलं, दोघांनी बसून ठरवावं की नक्की कोण आहे. ज्याचं नाही, त्याने तरी चिठ्ठी द्यावी.

स्टेनो आला तो वही घेऊनच. त्या रविवारी सगळी गोष्ट त्याने लघुलिपीत उतरवून घेतली होती.

"तुम्ही उतरवून घेतलीत? बाहेर न्यायची नाही असा नियम आहे ना!"

"पानं न्यायची नाहीत. ही माझी वही आहे," तो म्हणाला. कोर्टात राहून माणूस असा होतो. "आता ऐका. 'तो आला की किल्ल्यांचा जुडगा वाजायचा.' वकिलाकडे किल्ल्या असायच्या."

"आमच्याकडे नव्हत्या," मी कबूल केलं.

"'हातावर शाईचा डाग.'"

"हा माझा. नकाशेवाला."

"वकिलाच्याही हातावर असायचा."

असं चाललं. एक त्याचं, एक माझं, तीन दोघांचंही. मग तो एका ओळीवर थांबला, पुन्हा वाचली, टोपी काढून डोकं खाजवलं.

"'दार लागलं की पोटात एकदम हलकं व्हायचं, आणि मग वर जाईपर्यंत दोघंही बोलायचे नाहीत.' वाचनालयात दार कशाला लावतील? आणि वर कुठे?"

"माडी असेल."

"आणि पोटात हलकं?"

"भूक लागत असेल. सव्वाची वेळ."

"चष्मेवाले, गंमत नको. पुढे बघा. 'कधी मधेच अडकलं की त्याला बरं वाटायचं.' काउंटरवर माणूस मधेच कसा अडकतो?"

मला एकदम टिपकागदाची धाप आठवली. चार मजले, जिन्याने. माझ्याकडेच नव्हे; दाताच्या डॉक्टरकडे सहा मजले चढून जातो म्हणून मावशी त्याची टिंगल करायचा. आणि पंपाच्या कारखान्याआधी टिपकागद विम्याच्या कचेरीत होता. नऊ मजल्यांची इमारत. अक्का तिथेच पाचव्या मजल्यावर टेलिफोन ऑपरेटर होती, तिनेच त्याला चिकटवलं होतं.

"लिफ्ट," मी म्हटलं.

स्टेनोने वही मिटली. "म्हणजे हा तुम्ही नाही."

"आणि तुम्हीही नाही."

खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच मनातून थोडं वाईट वाटलं. कोणीतरी माझ्यावर इतकं चांगलं लिहिलंय असं मी तीन आठवडे धरून चाललो होतो. स्टेनोचंही तेच असावं. तो बराच वेळ टोपीचा काठ सरळ करत होता. मग म्हणाला, "दोन माणसं त्याच्या गोष्टीवर बसून राहिली आणि त्याला बोलता येईना. काय माणूस आहे! वर्षानुवर्षं आपल्या तोंडातून काढून घेतलं, आणि स्वतःचं लिहिताना आपल्याच कपड्यात लपला."

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी अर्ध्या चिठ्ठ्या मावशीच्या टेबलावर ठेवल्या. मावशीने हँगर उतरवला, टाचण्या काढल्या आणि पानं टिपकागदापुढे धरली. "घे बाबा. सुटलास. नऊ दिवस आहेत अजून."

आम्हाला वाटलं तो उडी मारेल. तो पांढराफटक पडला.

"दोन्ही?" त्याने विचारलं. "दोघांनीही?"

"अरे, मग काय जन्मभर ठेवायच्या?"

त्याने पानं घेतली नाहीत. शटरपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस आम्ही त्याला अडवून धरलंय असं आम्ही समजत होतो, आणि तो तळमळत असला तरी आत कुठेतरी त्याला त्याचाच आधार होता. आता आडवं यायला कोणी उरलं नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "मला एक चिठ्ठी दे."

"तुला? लिहिणाऱ्याला कसली चिठ्ठी?"

"माझ्यासाठी नाही. एकाला द्यायची आहे. तो कधी इथे आलेला नाही." मग खाली बघत म्हणाला, "आणि अप्पा, तुम्ही माझ्याबरोबर चला. स्टेनो नकोत, ते मधे मधे दुरुस्त करतील."

ज्याला चिठ्ठी द्यायची होती, तो त्या विम्याच्या कचेरीच्या इमारतीत उजव्या लिफ्टचा चालक होता. वाटेत टिपकागदाने मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. रोज सव्वाला जेवणाच्या सुट्टीत हा लिफ्टमध्ये शिरायचा, नवव्या मजल्यापर्यंत जायचा आणि खाली यायचा. नवव्यावर पाण्याच्या टाक्यांखेरीज काही नव्हतं. वर जाऊन दार न उघडता थोडं थांबलं की सगळी मिळून चार मिनिटं. सात वर्षांनी बटणांची लिफ्ट आली आणि चालकाला काढून टाकलं. हे बोलता बोलता तो रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेवर जात होता, दोनदा मी त्याचा दंड धरून त्याला गाड्यांतून बाजूला ओढलं. पत्ता कोणाला विचारावा लागला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लांबलचक व्हरांडा. व्हरांड्यात बैठक नसलेल्या खुर्च्या ओळीने उलट्या ठेवलेल्या, आणि त्यांच्यामध्ये सत्तरीचा एक माणूस जमिनीवर बसून वेताने खुर्ची विणत होता. त्याने पावलांकडे पाहिलं, मग वर.

"कोण? नववा मजला?"

मी नमस्कार केला.

"बसा म्हटलं असतं," तो माणूस म्हणाला, "पण खुर्च्या अशा आहेत. धाप का लागलीय याला?"

"जिन्याने आलो," मी म्हटलं.

"इथे लिफ्टच नाहीये, जिन्यानेच येणार." तो हसला. "मी बत्तीस वर्षं जिना चढलो नाही, आता रोज चढतो. बोल, काय काम काढलंस?"

टिपकागदाने एका दमात सांगितलं. पुस्तक, लाँड्री, नियम, चिठ्ठी. तो माणूस ऐकत होता आणि वेत ओढत होता. "वाच मग," म्हणाला. "या कानाशी वाच, तो दुसरा गेलाय."

टिपकागदाने वाचलं. वाचताना तो जागचा हलला नाही, कारण हलायला जागाच नव्हती, चारी बाजूंना खुर्च्यांचे पाय. मी जिन्याकडे तोंड करून उभा राहिलो. मला तिथे असणं बरोबर वाटत नव्हतं.

वाचून झाल्यावर तो माणूस म्हणाला, "हा लायब्ररीवाला मी?"

"हो."

"मला एवढं वाचता येत असतं तर झालंच असतं. शेवट काय म्हणालास? परत वाच."

"'त्याची बदली झाली, आणि तो पत्ता न ठेवता निघून गेला.'"

"पत्ता न ठेवता." त्याने वेत दाताने तोडला. "मी वॉचमनकडे ठेवला होता. कागदावर, माझ्या अक्षरात. दिला नाही का त्याने?"

नाही म्हणता आलं असतं. वॉचमन कुठला सांगायला येणार होता! मला वाटलं, आता हा नाही म्हणेल.

"दिला होता," टिपकागद म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिवशी."

"मग?"

"घाबरलो."

"कशाला?"

"तिथे चार मिनिटं होती. बाहेर किती असतील ते कळेना."

त्या माणसाने नवीन वेत ओवायला घेतला. मग म्हणाला, "दोन वर्षं मी या जिन्यावरची पावलं ऐकली. तिसऱ्या वर्षी कानाने सोडलं. बरं झालं." तो हसत होता की नाही, मला कळलं नाही. "त्याला एकोणीस वर्षं झाली. आणि आता गोष्ट छापायला विचारायला आलास."

टिपकागदाने चिठ्ठी पुढे केली. त्या माणसाने ती हातातही घेतली नाही.

"ते तुमचं तुमच्यापाशी. छाप तू. पण लायब्ररी काढ आणि लिफ्ट घाल. बत्तीस वर्षं चालवलीय मी ती, कारकून नव्हतो कुठला. आणि पत्ता दिला होता असं लिही. मी न सांगता गेलो असं नाही चालणार. मी तसा माणूस नाही."

"लोक ओळखतील."

"मला? मला कोण ओळखतंय आता?"

"मला ओळखतील. अक्का तिथेच होती पाचव्यावर. ती एका ओळीत ओळखेल."

"पाचवा," तो माणूस म्हणाला. "टेलिफोनवाल्या बाई. पर्स दारात अडकायची त्यांची. त्या तुझ्या बहीण?" मग पुन्हा वेत उचलून म्हणाला, "ते तू बघ बाबा. मी माझं सांगितलं."

परतीच्या वाटेवर टिपकागद आधी अर्धा तास शिव्या देत होता. त्याला, वॉचमनला, मला, प्रकाशकबाईंना. "वीस वर्षं लपवायला शिकलो," तो म्हणाला, "आणि हा म्हणतो, लिफ्ट घाल!" मग एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबला, खिशातून पानं काढली आणि शेवटच्या ओळीवर पेनने काट मारली. तिथेच, उभ्या उभ्या. बाकीची गोष्ट त्याने पाच दिवस रजा काढून लिहिली. मला रोज फोन यायचा. "अप्पा, लिफ्टचं ते लोखंडी जाळीचं दार, त्याला काय म्हणतात?" "जाळीचं दारच म्हणतात." "नीट सांगा ना!" "मला दुसरं येत नाही." ठेवायचा.

सहाव्या दिवशी त्याने ती अक्काला वाचून दाखवली. काय झालं ते त्याने आम्हाला थोडक्यातच सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, उजवी की डावी? तो म्हणाला, उजवी. "उजवीचा पंखा कधी चालायचा नाही," ती म्हणाली, उठून आपल्या खोलीत गेली आणि तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ते दुधाबद्दल. अजूनही त्यापुढे गाडी फारशी गेलेली नाही. रविवारी तो निघतो तेव्हा मात्र ती बुद्धिबळाचं विचारत नाही.

गोष्ट शेवटच्या दिवशी गेली. टपालावर भरवसा नाही म्हणून तो स्वतः जाऊन देऊन आला. बाईंनी ठेवून घेतली.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही लाँड्रीत होतो. टिपकागद नवीन काहीतरी सांगत होता, या खेपेला गाण्यांचं. कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. स्टेनो चहा ओतत होता. तेवढ्यात लाँड्रीचा फोन वाजला. तो रविवारी वाजत नाही. त्या व्हरांड्यातून निघताना टिपकागदाने एका कागदावर लाँड्रीचा नंबर लिहून खुर्च्यांवर ठेवला होता. ते मी पाहिलं होतं, पण बोललो नव्हतो.

मावशीने उचलला. "लाँड्री. आज बंद आहे... कोट? लोकरीचा? धुतो की... किती जुना?... नाही, माणूस पाठवत नाही आम्ही. स्वतः आणावा लागतो." त्याने टिपकागदाकडे पाहिलं आणि फोनवर हात ठेवला. "विचारतायत, जिने किती आहेत."

टिपकागद उठला. खिडकीशी गेला, तिथून कोटांच्या दांडीशी.

"एकही नाही म्हणून सांग," तो म्हणाला.

"तळमजला आहे," मावशी फोनमध्ये ओरडला. "दुसऱ्या कानाला लावा हो! तळमजला!... कधी येऊ म्हणतायत. कधी म्हणू?"

"पुढच्या रविवारी. साडेतीन. नाही, तीन. तीनला सगळे असतात. अडीच सांग. पण अडीचला शटर..."

"हा घोळ घालतोय," मावशी फोनमध्ये म्हणाला. "तुम्ही आपले या."